ती उपाशी नव्हती

वारंगा फाट्यावर हायवेला लागून पत्र्याचं एक लांबट शेड होतं. पूर्वी तिथं हळदीची पोती ठेवायचे. लॉकडाऊननंतर आमच्याच भागातल्या एका तरुणानं ते भाड्यानं घेतलं आणि शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना टाकला. काही वर्षं तो मोठ्या शहरात कपड्याच्या कंपनीत होता, तिथलं काम बंद पडल्यावर गावी आला होता. "आपल्या बायांला घराजवळ काम भेटलं तर त्या काहून न्हाई करणार?" असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा. खरंच होतं ते. आम्ही धावतच गेलो.

भिंतींना चुना दिला होता, तरी कोपऱ्याकोपऱ्यातून हळद निघत राहायची. पांढरा शर्ट चुकून भिंतीला लागला की पिवळा व्हायचा. आम्ही हसायचो, शाळेत जायच्या आधीच पोराला हळद लागली म्हणायचो.

माझं माहेर कुरुंद्याचं, सासर डोंगरकड्याचं. दहावीनंतर मी शिवणक्लास केला होता, लग्नात मशीन आणली होती. घरी बसून ब्लाउज शिवणं आणि सकाळी डबा घेऊन कामाला जाणं यात किती फरक असतो, ते मला त्या शेडनं दाखवलं. सासूबाई आधी कुरकुरल्या, मग त्याच शेजारणींना सांगायला लागल्या, "सून कंपनीत जाती."

तिची माझी ओळख ऑटोत झाली. ती डोंगरकड्याच्या पलीकडच्या तांड्यावरची. उतार उतरून रस्त्याला यायची आणि आमच्या अ‍ॅपेत बसायची. उंच, सडपातळ, तिशीच्या आतली. मी तिच्याहून मोठी म्हणून पहिल्याच दिवसापासून तिनं मला अक्का म्हणायला सुरुवात केली. तिला पायाची मशीन यायची, पण कारखान्यातल्या विजेच्या मशीनची धावती सुई बघून ती घाबरली. मालकानं तिला इस्त्रीवर उभं केलं. आम्ही शिवलेला शर्ट बटणं लागून शेवटी तिच्या टेबलावर जायचा, ती त्याची घडी घालून पिशवीत भरायची.

काम उभ्याचं, वाफेचं. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली तिचा पदर पिळला तर पाणी निघावं अशी गत व्हायची. पण बायका तिच्या टेबलाजवळ रेंगाळायच्या, कारण तिथं हसू असायचं.

त्या शेडची रचना माल ठेवायला केलेली, माणसांनी दिवसभर बसायला नाही. खिडक्या नव्हत्या, वर झरोके होते. मागं एक दार होतं, पण त्याला कापडाचे तागे टेकवून ठेवले होते, ते दार आहे हे नवीन बाईला सांगूनच कळायचं. मशीनखाली कातरण साठायची आणि त्यातूनच वायरी गेलेल्या. विजेचा मुख्य बोर्ड एका भिंतीला पहिल्यापासून होता. मालकाला बसायला केबिन हवी होती, तर अॅल्युमिनियम आणि काचेची केबिन नेमकी त्या बोर्डाभोवती उभी राहिली. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. जागा तिथंच होती. आमचे मोबाईलही कामाच्या वेळेत त्याच केबिनच्या ड्रॉवरमध्ये राहायचे. मालक बाहेर गेला की केबिनला कुलूप.

इस्त्रीला हात लावला की कधीकधी झिणझिण्या यायच्या. तिनं ते पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आम्ही तिची मस्करी केली. मग मी स्वतः बोट लावून बघितलं. कोपरापर्यंत मुंगी चढल्यासारखं झालं.

"दादा, ह्या इस्त्रीत करंट येऊन राहिला," तिनं माझ्यासमोर मालकाला सांगितलं.

"व्हय, वायरमनला सांगितलंय. तोवर पायाखाली बारदान टाकत जा."

वायरमन एकदा आला, वायरीला काळी टेप गुंडाळली आणि गेला. काही दिवस बरं चाललं. मग पुन्हा तेच. ती पुन्हा सांगायची, मालक पुन्हा व्हय म्हणायचा. तो खोटं बोलत होता असं मला आजही वाटत नाही. त्याच्या डोक्यात कापड, धागा, गाडी, शाळांचे हेडमास्तर एवढं सगळं असायचं, की तिची इस्त्री त्या गर्दीत मागं पडत जायची. आणि आम्हीही सवयीनं चालवून घेतलं. शेतात मोटार चालू करताना झटका बसतोच, तसाच हाही, असं वाटायचं.

तो श्रावणातला सोमवार होता. पंधरा ऑगस्ट जवळ आलेला, झेंडावंदनाला पोरांच्या अंगावर नवे कपडे पाहिजेत म्हणून शाळांचे फोनवर फोन येत होते. पावसाची झड लागली होती. पत्र्याच्या सांध्यातून पाणी गळत होतं, आणि नेमकं इस्त्रीच्या टेबलामागं. तिथं आम्ही बादली ठेवली होती, पण ती भरून वाहायची आणि खालचं बारदान भिजून जायचं.

आमच्यातल्या बऱ्याच जणींना उपास होता. दुपारी त्या केळी खाऊन बाजूला बसल्या. तिला उपास नव्हता. तिच्या सासूनंच तिला धरू दिला नव्हता. "दिवसभर उभ्याची उभी राहती, उपास कायचा धरती," असं म्हणून म्हातारी रोज स्वतः भाकरी करून बांधून द्यायची. त्या दिवशी डब्यात ज्वारीची भाकरी, बेसन आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. माझाही उपास नव्हता, मला गोळ्या चालू होत्या. आम्ही दोघी तिच्याच डब्यातून जेवलो. माझी पोळी तशीच राहिली.

जेवणानंतर मालक माल पोचवायला गाडी घेऊन नांदेडकडं गेला. कटिंग मास्तर समोरच्या हॉटेलात चहाला गेला. आम्ही मशीनवर बसलो.

मी कॉलर लावत होते. माझी मशीन तिच्या टेबलाजवळच होती. किंकाळी वगैरे काहीच आली नाही. वाफेचा फुस्स फुस्स आवाज येत होता, तो थांबला, एवढंच. मी मान वर केली. ती टेबलावर वाकली होती, दोन्ही खांदे हलत होते. मला वाटलं ती हसतेय. हसताना ती अशीच वाकायची.

मग तिचा चेहरा दिसला.

काजं करणारी बाई तिच्या सगळ्यात जवळ होती. ती उठली, तिचा दंड धरून ओढायला गेली आणि फेकल्यासारखी मागं पडली. "हात लावू नका! कुणी हात लावू नका!" मी ओरडले. इस्त्रीचा प्लग टेबलामागं, साचलेल्या पाण्याच्या वर. तिथं जायची कुणाची छाती होणार? एकीनं कापड मोजायची लाकडी पट्टी घेऊन तिच्या मनगटावर मारली, पुन्हा मारली. मूठ सुटेना.

मी केबिनकडं पळाले. कुलूप. काचेतून बोर्ड दिसत होता. आमचे मोबाईल ज्या ड्रॉवरमध्ये होते तोही दिसत होता. मी लोखंडी स्टूल उचललं आणि काचेवर घातलं. एका घावात फुटली नाही. फुटली तेव्हा मी तशीच आत घुसले आणि मेन खाली ओढला.

दिवे गेले, पंखे थांबले, सगळ्या मशीनी एकदम गप्प झाल्या. ती खाली कोसळल्याचा आवाज आला. मग फक्त पत्र्यावरचा पाऊस.

आम्ही तिचे तळहात चोळले, तळपाय चोळले, तोंडावर पाणी मारलं. छाती कशी दाबायची असते ते आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं. कुणीतरी ऑटो थांबवला. सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी तिच्याशी बोलत होते. काय बोलत होते ते आठवत नाही. तिच्या केसांत आणि पदराला पांढरे धागे चिकटलेले होते. इस्त्रीच्या टेबलावर शर्टांचे कापायचे राहिलेले धागे तीच कापायची. मी ते एकेक काढत होते.

तरुण डॉक्टर होता. त्यानं नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, मशीन लावली. मग माझ्या हाताकडं बघून म्हणाला, "ताई, तुमच्या हातातून रक्त येतंय, आधी पट्टी करून घ्या." त्याच्या त्या मऊ आवाजावरून मला कळलं.

संध्याकाळ व्हायच्या आत मालक आला. दवाखान्याच्या ओट्यावर बसून तो डोकं धरून रडत होता. त्याच्या मागोमाग त्याचे काका आले. आमच्या भागात वजन असलेला माणूस. त्यांनी आम्हा बायांना एका बाजूला बोलावलं. आवाज चढवला नाही, उलट फार समजुतीनं बोलले.

"झालं ते वाईट झालं. पण पोरींनो, कारखाना बंद पडला तर तुमच्या सगळ्यांच्या चुली बंद पडतील. आज सोमवार हाय. तिला उपास व्हता, पोट रिकामं, चक्कर येऊन पडली. हाताला भाजलं ते इस्त्रीनं. एवढंच सांगा. याच्यात कुणाचं नुकसान न्हाई."

खरंतर त्या घडीला मला त्यांचं म्हणणं पटल्यासारखंही झालं. ती तर गेलीच होती.

मग तांड्यावरून टेम्पो आला. बाया रडतच उतरल्या. सगळ्यांच्या मागून तिची सासू उतरली, बारीक, वाकलेली. ती रडत नव्हती. तिला सुनेजवळ नेलं. थोड्या वेळानं ती बाहेर आली आणि ओट्यावर टेकली. काका तिच्यासमोर गेले, हात जोडले आणि आम्हाला सांगितलेलंच तिला सांगितलं. उपास होता, पोटात काही नव्हतं, चक्कर आली.

म्हातारीनं त्यांच्याकडं बघितलं.

"उपाशी व्हती?" ती म्हणाली. "माझी सून उपाशी व्हती?"

"व्हय माय. आजकालच्या पोरी, खातपीत न्हाईत."

"म्या भाकर बांधून दिली व्हती," ती म्हणाली. मग आमच्याकडं वळली. आमच्यातल्या एकेकीच्या तोंडाकडं बघत तेच विचारत राहिली. "म्या सकाळी बांधून दिली व्हती. तिनं खाल्ली न्हाई? काहून खाल्ली न्हाई? मला बोलली न्हाई काही. काहून खाल्ली न्हाई वं?"

माझा नवरा तोवर मोटारसायकल घेऊन आला होता. त्यानं माझा दंड धरला होता. "चल घरी. आपल्याला काय करायचं," तो हळू आवाजात म्हणत होता. त्याला भीती वाटत होती, आणि ती काही चुकीची नव्हती.

पण म्हातारी विचारायची थांबत नव्हती. करंटचं, मालकाचं, पोलिसाचं तिच्या डोक्यात अजून काहीच नव्हतं. सून उपाशी गेली, आणि ते आपल्याला कळलं नाही, एवढंच तिला लागलं होतं. हे दुःख तिचं नव्हतंच. ते तिच्या पदरात कुणीतरी टाकलं होतं.

मी दंड सोडवून घेतला आणि तिच्यापुढं जाऊन बसले.

"माय, ती उपाशी नव्हती," मी म्हणाले. "तुमच्या हातची भाकर अन् बेसन आमी दोघींनी मिळून खाल्लं. ठेचा लई झणझणीत झाला व्हता. ती पोटभर जेवली."

म्हातारीनं माझे दोन्ही हात धरले, पट्टी बांधलेला हातही. "खरं?"

"खरं. तिला चक्कर न्हाई आली. इस्त्रीत करंट उतरला व्हता. ती कितीदा सांगत व्हती."

बोलून गेल्यावर मला माझाच आवाज केवढा मोठा झाला होता ते कळलं. काका म्हणाले, "तू बघितला का करंट?" तेवढ्यात काजं करणारी बाई पुढं आली. तिनं बाही वर सरकवली. दंड काळानिळा झाला होता. "म्या बघितला," ती म्हणाली. "मला फेकलं त्यानं."

मग म्हातारी रडली.

तिथं उभ्या असलेल्या पोलीस जमादारानं आम्हा दोघींना दुसऱ्या दिवशी ठाण्यात जबाब द्यायला बोलावलं. रात्रभर नवरा माझ्याशी बोलला नाही. सकाळी मी निघाले तर त्यानं न बोलता मोटारसायकल काढली. मी आत जबाब देईपर्यंत तो बाहेर गाडीवर बसून होता. परत येताना फक्त एवढंच म्हणाला, "तिथं मेनच्या कुलपाचं सांगितलं का?" मी हो म्हणाले. "बरं झालं," तो म्हणाला.

शेड बंद झालं. खरंच बऱ्याच घरांवर त्याचा ताण आला. ओव्हरलॉक, म्हणजे कापडाच्या कडा बांधायची मशीन, चालवणारी एक बाई होती, तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला. ती माझ्याशी बोलायची बंद झाली. बाजारात समोरासमोर आलो की ती तोंड फिरवायची. मला तिचा राग कधीच आला नाही. तिच्या घरी पीठ नसताना तिनं माझ्या खरेपणाचं काय करायचं होतं?

पोळा होऊन गेल्यावर मालक आमच्या घरी आला. गालफडं बसली होती. अंगणात बाजेवर बसला, पाणी प्यायला.

"अक्का, मी मुद्दाम केलं का वो?"

"मुद्दाम कसं म्हणू, दादा. पण तिनं तुमाला सांगितलं व्हतं."

त्यानं रिकामा तांब्या बाजेखाली ठेवला.

"व्हय," तो म्हणाला. "सांगितलं व्हतं. काका म्हणत्यात, ते कबूल करू नको."

"मग तुमी काय करणार?"

तो उठून निघाला. पण पुढं कामगार कार्यालयात बोलावणं आलं तेव्हा त्यानं साहेबासमोर तसंच सांगितलं, काका बाजूला बसलेले असताना. तिच्या लेकरांच्या नावानं भरपाई बँकेत जमा झाली. पोलिसांतली केस अजून चालू आहे. तारखा पडतात, आम्ही जातो.

मालक पुन्हा काम सुरू करायला निघाला तेव्हा आम्ही सगळ्या आधी त्याच्याकडं जाऊन बसलो. ओव्हरलॉकवाली बाईही आली होती. आमचं बोलणं फार लांबलं नाही. दोन उघडी दारं, मेन सगळ्यांच्या हाताला लागेल असा, ओल्या दिवसात इस्त्री बंद, फोन आमच्याजवळ. जुनं शेड नको, हे आमच्यापैकी कुणालाच तोंडानं म्हणावं लागलं नाही. त्यानं दुसरी जागा घेतली, खिडक्यांची. मी तिथं जाते. लोक विचारतात, काहून जाते? मला शिवण येतं, आणि आमच्याकडं दुसरं काम नाही. शिवाय ते काम मला आवडतं, हेही खरंच.

म्हातारीचा लेक, म्हणजे तिचा नवरा, वर्षातले बरेच महिने पुण्याकडं बांधकामावर असायचा. ती गेली तेव्हाही तो तिकडंच होता, दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. त्यानंतर तो परत गेला नाही. दोन लेकरं आणि म्हातारी आई सोडून जाणार कुठं? त्यानं शेळ्या घेतल्या.

दिवाळीनंतर मी तांड्यावर गेले होते. म्हातारी लेकरांना घेऊन पाण्याला गेली होती. तो दारात शेळीला पाला टाकत होता. मला बसायला गोणपाट दिलं, स्वतः दूर उंबऱ्यावर बसला. मोजकं बोलणारा माणूस. पिकाचं, शेळ्यांचं झालं. मग त्यानं विचारलं, "अक्का, ती तिथं कशी राहायची?"

मला आधी कळलं नाही. वाटलं, कामाचं, करंटचं विचारतोय.

"तसं न्हाई," तो म्हणाला. "मी आठ-आठ महिने बाहेर. फोनवर ती लेकरांचं सांगायची, आईचं सांगायची. कामावर ती कशी व्हती ते मला काहीच माहीत न्हाई. तुमी रोज तिच्यासंगं होता."

मग मी त्याला सांगायला लागले. कटिंग मास्तर नाकात बोलायचा, त्याची ती हुबेहूब नक्कल करायची, आणि एकदा मास्तर मागंच उभा होता. सगळ्यात लहान मापाचा शर्ट आला की ती तो इस्त्री करायच्या आधी जरा वेळ हातात धरून बघायची, त्या मापाचं लेकरू कसं असेल म्हणून. चहा तिला गोड लागायचा, इतका की हॉटेलवाला तिचा कप वेगळा करायचा. ऑटोत नेहमी कडेला बसायची, वारा पाहिजे म्हणून, आणि समोरून ट्रक आला की डोळे मिटून माझा हात धरायची.

"ट्रकला भ्यायची?" त्यानं विचारलं.

"लई."

तो हसला. त्याला हे माहीत नव्हतं. मग म्हणाला, "अजून सांगा."

आणि मी सांगत राहिले, म्हातारी डोक्यावर हंडा घेऊन उतारावरून येताना दिसेपर्यंत.